दीडशेचा ऑनलाइन वर्ग: ब्रेकआउट रूम की पोल?

व्हिडिओ मुलांनी घरी बघायचा आणि तासाला प्रश्न सोडवायचे, एवढं तुमचं ठरलंय असं धरतो. घोडं पेंड खातं ते पुढे. स्क्रीनवर दीडशे जण असताना तो तास ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे छोट्या वेगळ्या ऑनलाइन खोल्यांत गटागटानं चालवायचा, की सगळ्यांना एकत्र ठेवून पोलवर, म्हणजे स्क्रीनवर पर्याय देऊन मतं घेत? बेसिक इलेक्ट्रिकल शिकवताना मी दोन्हींवर एकेक सेमिस्टर काढलंय.

ऐकायला ब्रेकआउट छान वाटतं. पण सहासहांचे पंचवीस गट झाले, तरी मी एका वेळी एकाच रूममध्ये. आत शिरावं तर सहा काळे चौकोन, सगळे म्यूट. बऱ्याच वेळानं एक आवाज: "सर, आम्हाला कुठला प्रश्न होता?" त्यात कुणाचं नेट गेलं की तो परत येऊन मुख्य रूममध्ये एकटाच बसलेला, त्याला गटात पोचवायचं कामही माझंच. शिकवणं राहिलं बाजूला, मी नुसता दारं उघडत फिरत होतो. माझं मन उडालं ते यानंच.

पोलची रीत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांची. आधी एकट्यानं मत, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा मत. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्के असतील तरच वाद घालायला लावायचा. कमी असतील तर आपण समजवायचं, जास्त असतील तर पुढे जायचं.

माझा हुकमी प्रश्न: २३० व्होल्टचे दोन साधे बल्ब, एक ४० वॉटचा, एक १०० चा, सिरीजमध्ये जोडले, जास्त उजळ कोणता? झुंबड शंभरवर. निकाल मी झाकून ठेवतो. ऑनलाइन शेजारी कुठून आणायचा? तो मुलांच्या व्हॉट्सॲपवर असतोच. "वेगळं उत्तर दिलेला मित्र गाठा, तीन मिनिटं भांडा." दुसऱ्या फेरीत ४० कडे मतं सरकतात. मग कारण चॅटमध्ये टाइप करायचं, पण एंटर मी म्हणेन तेव्हाच, सगळ्यांनी एकदम. नाहीतर पहिल्याचं वाचून बाकीचे तेच लिहितात. "करंट सेम, रेझिस्टन्स ४० चा जास्त" असं कुणीतरी लिहितंच.

पोललाही खोट आहे. चुकीचा पर्यायसुद्धा खरा वाटेल असा प्रश्न बेतताना माझी एकेक संध्याकाळ गेलीय. वर्ग चाळीसचा असेल, किंवा रूममध्ये फिरायला दोनतीन सहायक असतील, तर ब्रेकआउट वाईट नाही. प्रोजेक्टसाठी मीही तेच घेतो. दीडशेला एकटेच असाल तर मात्र निदान पहिला महिना पोलवर काढून बघा.