कम्युनिटी रेडिओवर रोपांची जाहिरात: पैसे वसूल, पण वेळ लिहून घ्या

रोपवाटिकेत खरी पंचाईत होते ती बुकिंग मोडलं की. ट्रे भरलेले, टोमॅटोचं रोप लावणीला आलेलं, आणि ज्याच्यासाठी वाढवलं त्याचा फोन, "ताई, भाव पडलाय, यंदा राहू दे." आठवड्यात रोप गेलं नाही तर ते लांबतं, पिवळं पडतं आणि उकिरड्यावर जातं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावं तर तिथं सगळे एकमेकांना रोपंच विकत असतात. म्हणून आमच्या तालुक्यातल्या कम्युनिटी रेडिओवर जाहिरात दिली. एका संस्थेने नफ्यासाठी नव्हे, तर आसपासच्या लोकांसाठी चालवलेलं छोटं एफएम केंद्र आहे. नाव देत नाही, कारण खाली तक्रारही आहे.

आधी चांगलं सांगते. शहरातल्या मोठ्या एफएमवर जाहिरात देऊन मला काय करायचंय? फ्लॅटमधला माणूस मिरचीची रोपं नेणार आहे का? या केंद्राला प्रक्षेपणाची ताकदच साधारण 100 वॉटपर्यंत मिळते आणि टॉवरही 30 मीटरच्या वर नेता येत नाही. त्यामुळे आवाज दहा-बारा किलोमीटर जातो, आणि माझं गिऱ्हाईकही तेवढ्यातलंच आहे. खिंडीपलीकडे नुसती खरखर. तिकडचे दोन शेतकरी आले, पण तेही इकडच्या पाहुण्याने सांगितलं म्हणून. खिंडीपलीकडे धंदा असेल तर या भानगडीत पडू नका.

दर परवडला. सरकारी जाहिरातीचे रेडिओ केंद्राला दहा सेकंदांना 74 रुपये मिळतात. 2024 पर्यंत 52 होते. आमच्यासारख्यांना केंद्र आपल्या हिशोबाने लावतं, मला त्याहून बराच कमी लावला. पक्की पावती मिळाली. जाहिरातीचा पैसा आधी केंद्राच्याच खर्चाला लावायचा आणि उरलाच तर दिल्लीच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या लेखी परवानगीनंतरच संस्थेच्या मूळ कामाला, असा नियम असल्याने पावतीपुस्तक चोख ठेवतात.

मजा आली ती मजकूर लिहिताना. आमच्या घरच्यांनी कागदावर लिहून दिलं होतं: "हमखास उत्पन्न देणारी रोपं, आमदारसाहेबांच्या वाढदिवसानिमित्त खास सवलत." तिथली मुलगी असेल चोवीस-पंचवीसची. तिने हेडफोन गळ्यात अडकवले आणि पेन्सिलीने आधी 'हमखास' खोडलं, मग आमदारसाहेबांना खोडलं. "काकू, राजकारणातलं काहीच चालत नाही, आकाशवाणीची जाहिरात संहिता आम्हालाही लागू आहे. आणि 'हमखास' म्हणालात तर उद्या रोप मेल्यावर शेतकरी इथे येईल." हे वाढदिवसाचं प्रकरण घरी समजावून सांगायला रेकॉर्डिंगपेक्षा जास्त वेळ गेला. शेवटी राहिलं ते एवढंच: टोमॅटो, मिरची, झेंडू, रोपं तयार, ठिकाण, फोन. माझ्याच आवाजात. मागे पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज तिने स्वतःच्या मोबाइलवरून घातला, तो झकास बसला.

मी विचारलं, सकाळच्या शेतीच्या कार्यक्रमालाच आमचं नाव लावा की, 'सादरकर्ते' म्हणून. नाही म्हणाली. प्रायोजित कार्यक्रम फक्त सरकारचे, किंवा लोकहिताची माहिती द्यायला कुणी संस्था पुढे आली तर. दुकानदाराने जाहिरातच द्यायची, तीही स्थानिक धंद्याची, कार्यक्रमाची किंवा नोकरीची. मला आधी राग आला. मग लक्षात आलं, हा नियम नसता तर तो कार्यक्रम कधीच एखाद्या बियाणे कंपनीने घेतला असता आणि त्यात माझ्यासारखीला कोण विचारतं?

आता तक्रार. ठरलं होतं सकाळी सात आणि संध्याकाळी बाजारभावानंतर. दुसऱ्या आठवड्यात गिऱ्हाईक एकदम आटलं. तीन महिन्यांचं प्रसारण त्यांना जपून ठेवावं लागतं हे मला माहीत होतं, म्हणून जाऊन म्हटलं, ऐकवा. जाहिरात लागली होती दुपारी दोनला, जेव्हा आमच्याकडे माणसं आणि जनावरं दोन्ही झोपलेली असतात. वर एका दिवशी काही मिनिटांतच दोनदा, आणि मध्ये दुसऱ्या रोपवाटिकेची! संगणकावर यादी लावणारा पोरगा सुट्टीवर होता म्हणे. हुकलेल्या जाहिराती पुढच्या आठवड्यात भरून दिल्या, पण तोवर मिरचीचं रोप वाया गेलं होतं. वेळ तोंडी ठरवू नका, पावतीवर लिहून घ्या.

वेळेची टंचाई म्हणावी तर तीही नाही. तासाला जाहिरातींना आधी सातच मिनिटं होती, 2024 च्या नव्या धोरणात बारा केली. ऐकून बघा, आमच्याकडे दोन मिनिटंही भरत नाहीत. दुकानदार विचारायलाच जात नाहीत.

ऐकतात मात्र लोक. लाईट कधी जाणार, नळाला पाणी कधी येणार, कुठली भरती निघाली, हे सांगायला परवानगी आहे, आणि त्यासाठीच चहाच्या टपरीवर रेडिओ लावलेला असतो. बातम्या मात्र आकाशवाणीच्याच, त्यात फेरफार न करता. कांद्यासाठी आमच्याच फाट्यावर रास्ता रोको झाला, त्याची बातमी केंद्राला देता आली नाही. लाईट कधी जाणार ते सांगायचं आणि रस्ता का अडलाय ते नाही, हे काही मला पटत नाही.

आमच्या बचत गटातल्या बायका लगेच म्हणाल्या, आपणच काढू की एक केंद्र! ते इतकं सोपं नाही. एकट्या माणसाला, पक्षाला किंवा नफ्याच्या कंपनीला परवाना मिळत नाही. किमान तीन वर्षं जुनी नोंदणीकृत संस्था लागते, नाहीतर विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्र. दिल्लीत माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी, वर दूरसंचार खात्याच्या वायरलेसवाल्यांकडून फ्रिक्वेन्सी. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचं आणि बारामतीत कृषी विज्ञान केंद्राचं रेडिओ केंद्र चालतं, पण त्यांच्यामागे मोठी संस्था उभी आहे. आमच्या गटाचं अजून पासबुक वेळेवर भरत नाही.

कलिंगडाच्या रोपांसाठी मी परत जाणार आहे. तुम्ही गेलात तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर रेकॉर्डिंग सुरू असतं आणि दार उघडत नाहीत. मजकूर वीस सेकंदांत बसेल एवढाच न्या, आणि फोन नंबर दोनदा म्हणा.