शहापूरचं फ्रेमचं दुकान आणि दलारोशचा अंधार

बेळगावात फोटो मोठा करून फ्रेम घालून देणारे पुष्कळ आहेत; चित्र नीट बघून मग मशीनला हात लावणारे थोडेच. शहापूरच्या खडेबाजारातलं हे लहान दुकान त्या थोड्यांतलं. खानापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गासाठी मी तिथं फ्रेंच चित्रकार पॉल दलारोशच्या ‘लेडी जेन ग्रेचा शिरच्छेद’ची प्रिंट करून घेतली.

दलारोश (१७९७–१८५६) हा चित्रकार ग्रोचा शिष्य आणि जेरोम, मिले या चित्रकारांचा गुरू. १८३४ च्या पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, या चित्रानं सगळ्यांना खिळवून ठेवलं. इंग्लंडची नऊ दिवसांची राणी जेन, डोळ्यांवर पट्टी, पांढरा सॅटिनचा झगा, आणि मान ठेवायचा ओंडका चाचपणारे हात. खरा शिरच्छेद १५५४ साली लंडनच्या टॉवरच्या आवारात उघड्यावर झाला होता. दलारोशनं तो अंधाऱ्या दालनात आणला, म्हणून तर झगा असा उजळतो. प्रिंटमध्ये तो अंधार करडा झाला की चित्र संपलं.

इथंच हे दुकान उजवं ठरतं. मालकांनी आधी झगा आणि मागचा काळोख एवढाच तुकडा छापून दाखवला. काळा फिका वाटला, तर न कुरकुरता पुन्हा छापला. कॅनव्हास की कागद, विचारलं तर म्हणाले, "सर, ह्यात ब्रशचा फटकारा कुठं दिसतोय? कॅनव्हासची वीण उगाच मधे येईल. मॅट कागद घ्या." अगदी बरोबर. ओंडक्याभोवतीच्या पेंढ्याची काडी न् काडी सुटी दिसते.

मूळ चित्र २४६ बाय २९७ सेंटिमीटर; २० बाय २४ इंचांत ते जवळपास जसंच्या तसं बसतं. दुसऱ्या एका ठिकाणी डावीकडून कापून छापायला निघाले होते. मग पाठ फिरवून उभी असलेली दासीच गेली असती! तिचा चेहरा दिसत नाही, सगळा आकांत पाठीत आहे. मुलांना मी आधी तीच दाखवतो.

१९२८ च्या लंडनमधल्या थेम्सच्या पुरात मूळ चित्र गेलं असंच धरून चालले होते. १९७३ साली ते सापडलं. पाण्याचा हा धाक खानापूरकरांना वेगळा सांगायला नको. दुकानानं ओलीची काळजी घेतली: काच आणि प्रिंटमध्ये माउंटची (जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची) फट, मागचा बोर्ड चहूबाजूंनी टेपनं बंद. पावसाळा सरला, बुरशीचा ठिपका नाही.

सोनेरी नक्षीच्या पट्टीचा आग्रह मात्र फार करतात. गडद तपकिरीच मागा, आणि काच चमक न मारणारी घ्या. नाहीतर त्या काळ्यात वर्गाच्या खिडक्याच दिसत राहतील.