ब्लॉक निघाला, पण झटका आलेला नाही: गोळ्या, स्टेंट की बायपास?

टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) पॉझिटिव्ह येते, अँजिओग्राफीत (धमन्यांत रंगद्रव्य सोडून घेतलेलं एक्स-रे चित्रण) 80 टक्के ब्लॉक दिसतो, पेशंट अजून टेबलावरच असतो आणि कॅथलॅबच्या दारात नातेवाइकांना विचारलं जातं, ‘आत्ताच स्टेंट टाकून घेऊया ना? इथे सही करा.’ स्टेंट म्हणजे अरुंद धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, आणि ती बसवण्याची प्रक्रिया म्हणजे अँजिओप्लास्टी; दोन्ही कॅथलॅबमध्येच होतं. मुंबईत हे नवं नाही. बहुतेक घरांत सही होते, कारण त्या घटकेला ‘जरा थांबूया’ म्हणायची हिंमत कोणाचीच होत नाही. पुढचं सगळं त्या सहीच्या आधी वाचायचं आहे.

ज्यांना हार्ट अटॅक आलाय किंवा येतोय, त्यांनी मात्र हे वाचत बसू नये. बसल्या जागी छातीत दुखतंय, घाम फुटलाय, ईसीजी बदललाय, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाल्याचं दाखवणारा रक्तातला घटक) वाढलंय, तर 108 ला फोन आणि कॅथलॅब असलेलं जवळचं हॉस्पिटल. तिथे वेळेत झालेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, त्यात वाद नाही. एरवी महिन्यातून एकदा होणारं दुखणं आता रोज आणि कमी श्रमाला व्हायला लागलं असेल, तर तेही तातडीचंच समजायचं. इथे बोलतोय ते स्थिर अंजायनाबद्दल. दादरचा पूल भरभर चढलं की छाती भरून येते, थांबलं की दोन-चार मिनिटांत उतरते, आणि बरेच महिने हे असंच चाललंय. किंवा त्रास काहीच नाही, ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये टीएमटीने घात केला.

आयुष्य वाढतं का?

सगळ्यांना आधी हेच विचारायचं असतं. त्याचं उत्तर शोधायला दोन मोठे अभ्यास झाले. पहिला ‘करेज’, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला, अमेरिका आणि कॅनडातले 2,287 रुग्ण. निम्म्यांना गोळ्या, निम्म्यांना गोळ्या आणि अँजिओप्लास्टी. साधारण साडेचार वर्षांनी पाहिलं, तर मृत्यू किंवा हार्ट अटॅकचं प्रमाण स्टेंटवाल्यांत 19 टक्के आणि नुसत्या गोळ्यावाल्यांत 18.5 टक्के. म्हणजे फरक नाही. त्यावर बऱ्याच हृदयरोगतज्ज्ञांचा आक्षेप असा होता की यात किरकोळ आजाराचे रुग्ण जास्त होते आणि स्टेंटही जुन्या पद्धतीचे होते.

आक्षेप रास्त होता. म्हणून ‘इस्केमिया’ हा अभ्यास उभा राहिला. न्यूयॉर्कच्या डॉ. जुडिथ हॉकमन यांच्या नेतृत्वाखाली 37 देशांतले 5,179 रुग्ण, त्यात भारतातलेही. सगळ्यांच्या तपासण्यांत हृदयाला रक्त कमी पडत असल्याचं मध्यम ते तीव्र प्रमाणात दिसत होतं. एका गटाला गोळ्या आणि लगेच अँजिओग्राफी, मग गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास. दुसऱ्या गटाला गोळ्या, आणि त्या पुरल्या नाहीत तरच पुढचं. तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात पहिल्या गटात 145 मृत्यू झाले, दुसऱ्यात 144. सुरुवातीच्या सहा महिन्यांत उलट लगेच हस्तक्षेप झालेल्यांचं गणित थोडं वाईट होतं, कारण प्रक्रियेदरम्यानच होणारे छोटे अटॅक. पुढे ते भरून निघालं.

2022 मध्ये याच रुग्णांचा सात वर्षांचा हिशेब आला. एकूण मृत्यू जवळपास सारखेच, 12.7 आणि 13.4 टक्के. हृदयामुळे झालेले मृत्यू हस्तक्षेपाच्या गटात कमी (6.4 विरुद्ध 8.6 टक्के), पण इतर कारणांनी झालेले जास्त. स्टेंटच्या बाजूचे डॉक्टर पहिला आकडा सांगतील, विरुद्ध बाजूचे एकूण मृत्यूंचा. मला विचाराल तर, एवढ्या मोठ्या अभ्यासात इतकी वर्षं शोधूनही जो फायदा डोळ्यात भरत नाही, त्यासाठी एका संध्याकाळी घाईने सही करण्याचं कारण उरत नाही.

हे पटायला जड जातं, कारण डोक्यात चित्र तुंबलेल्या पाइपचं असतं. पाइप मोकळा केला की झालं. पण बरेचसे हार्ट अटॅक जिथे फार अरुंद झालेलं नसतं अशा जागी येतात. धमनीच्या भिंतीतला चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि अर्ध्या तासात सगळं बंद. स्टेंट दोन-तीन सेंटीमीटर जागा उघडी ठेवतो. आजार मात्र सगळ्या धमन्यांत पसरलेला असतो, आणि सगळीकडे पोचतात त्या गोळ्याच. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनमुळे तो थर स्थिरावतो, अ‍ॅस्पिरिनमुळे गुठळी होण्याची शक्यता घटते.

त्रास कमी होतो का?

इथे पारडं फिरतं. आणि या प्रश्नावर झालेलं काम मला सगळ्यात रोचक वाटतं, कारण छातीत दुखणं मोजायचं कसं? स्टेंट टाकला या समाधानानेच अर्ध्या लोकांना बरं वाटत नसेल कशावरून?

लंडनच्या डॉ. रशा अल-लामी आणि सहकाऱ्यांनी हे तपासायला धाडस केलं. ‘ऑर्बिटा’ अभ्यासात 200 रुग्णांना कॅथलॅबमध्ये नेलं, गुंगीचं औषध दिलं, कानांवर हेडफोन लावून संगीत सुरू केलं. निम्म्यांना स्टेंट टाकला, निम्म्यांना काहीच नाही. कोणाला काय मिळालं हे ना रुग्णाला ठाऊक, ना नंतर तपासणाऱ्या डॉक्टरला. एकाच धमनीचा आजार, अरुंदपणा सरासरी 84 टक्के, म्हणजे आपल्याकडे रिपोर्ट पाहून घरात रडारड होते तसलाच. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालवून पाहिलं तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. 2017 मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांच्या जगात खळबळ उडाली.

पण त्या रुग्णांना आधीच भरपूर गोळ्या चालू होत्या. त्यामुळे 2023 च्या ‘ऑर्बिटा-2’ मध्ये अंजायनाच्या गोळ्या बंद करून 301 रुग्णांवर तोच खटाटोप पुन्हा केला. या वेळी स्टेंट जिंकला. बारा आठवड्यांनी स्टेंटवाले 40 टक्के लोक अंजायनामुक्त होते, खोट्या प्रक्रियेनंतर 15 टक्के. ट्रेडमिलवरचा वेळ साधारण एक मिनिटाने जास्त. एक मिनिट म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण चर्चगेटची लोकल पकडायला धावणाऱ्याला विचारा. अर्थात उरलेल्या 60 टक्क्यांचं दुखणं स्टेंटनंतरही पूर्ण गेलं नव्हतं, हे कॅथलॅबच्या दारात कोणी सांगत नाही.

‘इस्केमिया’तही हेच दिसलं. ज्यांना रोज किंवा आठवड्याला दुखायचं, त्यांना हस्तक्षेपाने खरा आराम पडला. ज्यांना दुखतच नव्हतं, त्यांना अर्थातच काही फरक जाणवला नाही. आणि गोळ्यांच्या गटातल्या साधारण पाचातल्या एकाला चार वर्षांत केव्हातरी स्टेंट किंवा बायपास करावीच लागली. म्हणजे गोळ्यांनी सुरुवात केली की दार कायमचं बंद होत नाही. बाकीच्या चौघांना त्या काळात तरी ती वेळ आली नाही.

गोळ्यांचीही बाजू पूर्ण स्वच्छ नाही. अंजायनाच्या नायट्रेट गोळ्यांनी डोकं दुखतं, हृदयाची गती कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकरने काहींना गळून गेल्यासारखं होतं, आणि रोज पाच-सहा गोळ्या घेण्याचा कंटाळा हा स्वतंत्र आजार आहे. स्टेंट टाकला म्हणून गोळ्या सुटतात असा एक समज पसरलेला आहे, प्रत्यक्षात वाढतात. औषध लावलेला स्टेंट टाकला की अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी रक्त पातळ ठेवणारी गोळी स्थिर आजारात साधारण सहा महिने घ्यावी लागते. ती मध्येच, डॉक्टरांना न विचारता बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. तुमचं हर्नियाचं, गुडघ्याचं किंवा प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरत आलं असेल तर हे आधी सांगा. स्टेंटमुळे ते ऑपरेशन काही महिने मागे जाईल.

आणि बायपास?

तीन धमन्यांत ब्लॉक आणि जोडीला डायबेटिस असेल, तर तुलना गोळ्या-स्टेंटची राहत नाही, स्टेंट-बायपासची होते. मराठी घरांत ‘छाती उघडणार’ म्हटलं की स्टेंटला लगेच होकार येतो. 2012 च्या ‘फ्रीडम’ अभ्यासात असेच 1,900 मधुमेही रुग्ण होते. पाच वर्षांत स्टेंटवाल्यांत 16.3 टक्के मृत्यू, बायपासवाल्यांत 10.9. हार्ट अटॅक 13.9 विरुद्ध 6. पक्षाघात मात्र बायपासमध्ये जास्त, 5.2 विरुद्ध 2.4 टक्के. बरगडीमागची धमनी वापरून केलेलं कलम (ब्लॉकला वळसा घालणारी जोड) दहा-दहा वर्षं टिकतं, आणि ते ब्लॉकच्या पलीकडे जोडलेलं असल्याने मधल्या भागात पुढे नवा ब्लॉक झाला तरी रक्त पोचतं. स्टेंटला हे जमत नाही.

किंमतही मोजावी लागते. आठवडाभर हॉस्पिटल, मग छातीचं हाड जुळेपर्यंत दोन-तीन महिने जड उचलणं बंद, गर्दीच्या लोकलमध्ये चढणं तर विसराच. ऐंशीच्या घरातल्या, किडनी किंवा फुप्फुसं कमजोर असलेल्या माणसाला हे झेपेल का, याचं उत्तर अभ्यासात नसतं. ते त्या माणसाकडे पाहूनच ठरतं. साखर नसलेल्या, एक-दोन धमन्यांच्या साध्या ब्लॉकवाल्यांना मात्र बायपासकडे सहसा वळायचं कारण नाही.

डावीकडच्या मुख्य धमनीत मोठा ब्लॉक असेल किंवा हृदयाचं पंपिंग 35 टक्क्यांच्या खाली असेल, तर ‘इस्केमिया’चे निष्कर्ष तुम्हाला लागू नाहीत. असे रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. म्हणूनच ‘आधी गोळ्या’ म्हणणाऱ्यानेही टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि सीटी अँजिओग्राफी करून हे दोन धोके नाहीत याची खात्री करून घ्यावी. न तपासता गोळ्यांवर ठेवणं हा काही संयम नव्हे.

पैसे

फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली. तेव्हा औषध लावलेला स्टेंट 29,600 रुपये, साधा धातूचा 7,260. त्याआधी लाखाच्या वर बिलं लागत. आता स्टेंट आवाक्यात आला, पॅकेज मात्र खाजगीत लाखांतच राहिलं.

मेडिक्लेमचा खेळ वेगळा. बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे प्लास्टी कॅशलेस होते आणि दरमहा लागणाऱ्या गोळ्या खिशातून. ‘पॉलिसीत बसतंय ना, मग करून टाका’ हा सल्ला त्यातूनच येतो, आणि तो वैद्यकीय सल्ला नाही. जनऔषधी दुकानातून स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन, बीटा ब्लॉकर घेतले तर महिन्याचा खर्च घरातल्या केबल-इंटरनेटच्या आसपास बसू शकतो. ज्यांना प्रक्रिया खरंच लागणार आहे, त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) आधी गाठावं. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. अँजिओप्लास्टी, बायपास दोन्ही त्यात येतात, पण मंजुरी प्रक्रियेच्या आधी घ्यावी लागते.

मी काय सुचवेन

त्रास नाही, पंपिंग चांगलं, मुख्य धमनी मोकळी: गोळ्या, आणि त्या मनापासून. वाईट कोलेस्टेरॉल किमान 70 च्या खाली, बीपी आटोक्यात, तंबाखू-मिश्री-सिगारेट बंद. ‘इस्केमिया’त डॉक्टर पाठीमागे लागलेले असूनही निम्म्याहून कमी लोकांनी सगळी लक्ष्यं गाठली, तेव्हा ‘गोळ्या चालू आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नका.

त्रास आहे, तरी आधी दोन-तीन महिने गोळ्यांची मात्रा नीट लावून बघावी. तरीही तिसरा मजला चढवत नसेल, बाजारातली पिशवी उचलवत नसेल, काम सोडायची वेळ येत असेल, तर स्टेंट घ्यावा आणि अपराधी वाटून घेऊ नये. आराम हेही उपचाराचं पुरेसं कारण आहे. सत्तरीतल्या आजोबांना नातवंडांबरोबर शिवाजी पार्कला फेरी मारायची आहे आणि गोळ्यांनी चक्कर येते, तर मी पहिल्याच महिन्यात स्टेंटच्या बाजूने बोलेन. डायबेटिस आणि तीन धमन्या असतील तर कॅथलॅबच्या टेबलावर निर्णय नकोच. बायपासच्या सर्जनशी बोलणं झाल्याशिवाय सही करू नये.

अँजिओग्राफीला जाण्याआधी संमतीपत्र नीट वाचा. ‘अँजिओग्राफी’ वेगळी आणि ‘अँजिओग्राफी व गरज पडल्यास अँजिओप्लास्टी’ वेगळी. तुम्हाला पहिलीच हवी असेल तर तसं डॉक्टरांना आदल्या दिवशी स्पष्ट सांगा आणि फॉर्मवर लिहा. घरी येताना रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडी मागून घ्या, कारण दुसरा डॉक्टर टक्केवारी वाचत नाही, हलतं चित्र बघतो. सीडी, इको, टीएमटीचा आलेख आणि चालू गोळ्यांची यादी एका फाइलमध्ये घालून केईएम, नायर, सायन किंवा जेजेच्या हृदयरोग ओपीडीत केसपेपर काढला, की सकाळचा वेळ जाईल, पण जिथे तुमच्या होकारावर कोणाचं पॅकेज अवलंबून नाही अशा ठिकाणचं मत मिळेल.