नर्मदाकाठच्या स्वस्त भटकंतीसाठी जुनी सायकल: साधी की गिअरची?

इंदूरहून निघावे, ओंकारेश्वर, महेश्वर किंवा मांडूला धर्मशाळेत पथारी टाकावी, मिळेल तेथे जेवावे आणि वाहन म्हणून दुरुस्त केलेली जुनी सायकल न्यावी, असा बेत करणाऱ्यांना पहिला प्रश्न पडतो तो साधी घ्यावी की गिअरची. गेल्या सहा वर्षांत मी दोन्ही घेतल्या, दोन्ही रामबागेजवळच्या एकाच मिस्त्रीकडून दुरुस्त करवल्या आणि दोन्ही याच रस्त्यांवर चालवल्या. माझे मत यामुळे थोडे एका बाजूला झुकलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

काळी, अठ्ठावीस इंची, दांड्यांच्या ब्रेकची सायकल मला १,८०० रुपयांना मिळाली. दोन्ही टायर, सगळे छर्रे, कॉटर पिना (पायडलचा दांडा आसाला घट्ट धरणाऱ्या खिळ्या) आणि मागच्या चाकाचा आउट, म्हणजे डुगडुग, काढणे मिळून आणखी १,१०० रुपये गेले आणि त्यानंतर तिने फारसे काही मागितले नाही. सव्वीस इंची, अठरा गिअरची सायकल ३,२०० रुपयांना आली. तिचा खर्च मात्र हप्त्याहप्त्याने होत राहिला, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

आपल्या प्रदेशाची एक अडचण अशी की इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि नर्मदाकाठ त्याहून साडेतीनशे ते चारशे मीटर खाली आहे. म्हणजे जाताना उतार मिळतो आणि पाय दमलेले असताना, परतीच्या दिवशी, चढ समोर येतो. या हिशेबाने गिअरची सायकल घेणेच शहाणपणाचे वाटते, आणि मलाही तसेच वाटले होते. साध्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. गिअरच्या सायकलीवर पुढचे व मागचे दाते सारखे ठेवले, तर जेमतेम दोन मीटर. सामान लादलेले असताना हा फरक गुडघ्यांना चांगलाच कळतो. सिमरोल-बडवाह रस्त्यावरचा भेरूघाट मी साध्या सायकलीवर एकदाही बसून चढलेलो नाही. उतरतो, ढकलतो, मध्ये चहा घेतो आणि सुमारे पावणेदोन तासांत वर पोहोचतो.

तरीही माझा निर्णय फिरला तो चेनच्या सटकण्याने. जुन्या गिअरच्या सायकलीची चेन ताणलेली होती, म्हणून मी निघण्यापूर्वी नवी बसवली. ओंकारेश्वरला जाताना, घाटाच्या अलीकडच्या सपाट रस्त्यावर, पायडलवर जोर दिला की चेन दातांवरून उडी मारू लागली. पाय एकदम पोकळीत गेल्यासारखा खाली जाई आणि गुडघा हँडलवर आपटे. परतल्यावर मिस्त्रीने दाखवले, की आधीच्या मालकाने सगळे आयुष्य तिसऱ्याच गिअरवर काढले होते. त्यामुळे नेमके तेच दाते झिजून आकड्यासारखे वाकले होते आणि नव्या चेनच्या कड्या त्यांत बसत नव्हत्या. घाटासाठीची सर्वांत मोठी दातेरी चकती मात्र कोरी करकरीत होती. ज्या गिअरची गरज मला काही किलोमीटर होती तो उत्तम होता, आणि ज्याची गरज उरलेल्या साऱ्या वाटेवर होती तोच निकामी होता. शेवटी फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी भागही बदलावा लागला आणि नंतर पुढची चकतीही.

हे इंदुरात झाले तर फक्त पैसे जातात. वाटेत झाले तर दिवस जातो. बडवाहच्या दुकानात मला साध्या सायकलीची सूतभर (इंचाचा आठवा भाग) रुंद चेन लगेच दाखवली गेली, पण ती गिअरच्या अरुंद दातांना चालत नाही. साध्या सायकलीचे फ्रीव्हील, कॉटर पिना, ब्रेकचे रबर हे सगळे लुधियानाचे एकाच मापाचे सामान खेड्यातल्या दुकानातही सापडते. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, तरी त्या सायकलींना सुट्या भागांची उणीव भासलेली मी पाहिलेली नाही. शिवाय माळव्याची काळी माती पावसात चिकटते, तेव्हा झाकलेली चेन उघड्या चेनपेक्षा कमी तक्रार करते. (मडगार्डमध्ये ती माती दोन्हीकडे सारखीच अडकते, खिशात एखादी काडी असू द्यावी.)

साध्या सायकलीचे ब्रेक हा तिचा खरा कमकुवतपणा आहे आणि तो मी लपवणार नाही. पोलादी रिम ओली झाली की रबर नुसते घसरत राहते. म्हणून पावसाळ्यात मी जामगेटवरून मंडलेश्वरकडे तिच्यावर उतरत नाही आणि कोणी उतरावे असेही मला वाटत नाही. त्या उतारावर गिअरच्या सायकलीचे ब्रेक निःसंशय सरस आहेत. तसेच ज्यांचे गुडघे दुखरे आहेत किंवा ज्यांना घाट ढकलत चढणे कमीपणाचे वाटते, त्यांनी गिअरचीच घ्यावी. मात्र घेण्यापूर्वी चेनच्या चोवीस कड्या फूटपट्टीवर मोजाव्यात. त्या बरोबर बारा इंच भराव्यात. एक सूत जास्त भरले, तर चेनबरोबर फ्रीव्हीलचेही पैसे किमतीतून वजा करून मगच बोलणी करावीत.

दोन्हींपैकी कोणतीही घेतली, तरी फ्रेमवरचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. विकणारा तेवढे करायला कुरकुरला, तर ती सायकल तिथेच सोडावी.

माझी काळी सायकल सध्या कॅरिअरवर दोरी बांधून दिवाळीनंतरच्या महेश्वरच्या फेरीसाठी तयार आहे. गिअरची मी भाच्याला दिली. तो तिच्यावरून क्लासला जातो, आणि चेनच्या आवाजावरून कळते की तोही सारा रस्ता तिसऱ्याच गिअरवर काढतो.