काळूचे केस, अंगणातला पंजा आणि आठ महिन्यांचं रेझिन

काळू गेला तो जूनमध्ये, पाऊस नुकता लागला होता तेव्हा. तेरा वर्षांचा गावठी कुत्रा, अंगभर काळा आणि शेपटीच्या टोकाला तेवढा पांढरा झुबका. बाबांनी परसात आंब्याखाली खड्डा खणला. त्याला ठेवायच्या आधी मी त्या झुबक्याचे आणि मानेवरचे थोडे काळे केस कापून घेतले आणि कागदाच्या पुडीत बांधले. पुढे काय करायचं ते तेव्हा ठरलं नव्हतं. जुलैत ते पारदर्शक रेझिनमध्ये जपायचं ठरवलं आणि इपॉक्सी रेझिनचं किलोचं किट, पेंडंटचे आणि चकत्यांचे सिलिकॉनचे साचे आणि एक छोटा डिजिटल काटा मागवला. आता फेब्रुवारी संपत आलाय. साधारण साडेचार हजार रुपये गेले, वीसेक वस्तू झाल्या, त्यांतल्या नऊ ठेवण्यासारख्या आहेत. आम्ही चिपळूणजवळ राहतो. हे मुद्दाम सांगते, कारण इथल्या हवेचा या कामाशी फार जवळचा संबंध आहे.

रेझिन म्हणजे आपल्या घरातल्या अराल्डाइटच्या आणि एमसीलच्याच जातीचं. रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग एकत्र केले की त्यांची आपसात प्रक्रिया होऊन ते घट्ट होतं. रंग किंवा फेविकॉल हवेवर वाळतो तसं हे वाळत नाही, त्यामुळे प्रमाण चुकलं तर कितीही दिवस ठेवा, ते जमत नाही. माझी पहिली चकती आठ दिवसांनीही वाकत होती. बाटलीवर दोनास एक लिहिलं होतं आणि मी ते काट्यावर मोजलं. नीट वाचलं तेव्हा कळलं की ते प्रमाण मापाचं होतं, वजनाचं नव्हे. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, म्हणून वजनाने मोजताना तो जास्त पडला होता. तुमच्या किटवर काय लिहिलंय ते आधी बघा, काटा घ्यायचा की खुणांचा कप ते मग ठरवा. ढवळायचं हळू, तीन-चार मिनिटं, कपाच्या कडा आणि तळ खरवडून. एका वेळी थोडंच करा. मोठा कप भरून ठेवलात तर तो आतल्या आत तापत जातो, हातात धरवत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये केलेल्या जवळजवळ सगळ्या वस्तू वाया गेल्या. वर तेलकट, पांढुरका थर यायचा. हार्डनर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याने हा थर येतो. कोमट साबणाच्या पाण्याने तो निघतो, पण आत आलेली धुरकट झाक जात नाही. शेवटी पुठ्ठ्याचा मोठा खोका घेतला, आत साठ वॅटचा पिवळा बल्ब टांगला, पुठ्ठ्यापासून चांगला लांब, आणि ओतकाम त्यात ठेवायला लागले. आई पावसाळ्यात पापड-सांडग्यांच्या डब्याची जशी काळजी घेते तशीच मी त्या खोक्याची घेतली. फरक पहिल्याच दिवशी दिसला. तरी कोकणात राहत असाल तर मी म्हणेन, दिवाळीपर्यंत थांबा.

आता केसांबद्दल. ज्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं ते आधी सांगते. प्रमाण चुकलेल्या त्या पहिल्याच चकतीत मी पांढऱ्या झुबक्याचे निम्मे केस घातले होते. पुडी पावसात कपाटात होती, केसांना ओल धरलेली होती, त्यामुळे प्रत्येक केसाभोवती बारीक बुडबुड्यांची माळ उठली आणि सगळं दुधाळ झालं. ते केस आता बाहेर काढता येत नाहीत. म्हणून हात जोडून सांगते, आपल्या प्राण्याचे केस पहिल्या दहा वस्तूंत घालू नका. शेजारच्या कुत्र्याला विंचरताना निघालेले केस घ्या, नाहीतर स्वतःचे घ्या, आणि हात बसू द्या.

बसलेला हात म्हणजे काय ते सांगते. केस सौम्य शाम्पूने धुवायचे, टिपकागदात दाबायचे, मग दोन दिवस त्या बल्बच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचे. साच्यात पातळ पहिला थर ओतून तो बोटाला जेलीसारखा लागेपर्यंत थांबायचं. माझ्या किटला चारेक तास लागतात. केस आधी वेगळ्या थेंबभर रेझिनमध्ये टूथपिकने भिजवून घ्यायचे, म्हणजे त्यांत अडकलेली हवा तिथेच सुटते. मग ते थरावर मांडायचे आणि वरून दुसरा थर द्यायचा. काळे केस झुबक्याने घातले तर काजळीचा डाग दिसतो. पंधरा-वीस केस पसरून आणि मागे पांढरा थर देऊन केलेल्या पेंडंटमध्ये ते खरे केस वाटतात, एकेकाचं वळण दिसतं.

यूव्ही (अतिनील) उजेडाच्या टॉर्चखाली मिनिटात जमणारं रेझिनही आणलं होतं. उजेड काळ्या केसांच्या खाली पोचत नाही, तिथे ते ओलंच राहतं. वरून पातळ लकाकी द्यायला चांगलं, बाकी माझ्या कामाचं नाही.

मांजरीच्या मिशा मात्र रेझिनमध्ये फार देखण्या दिसतात. आमच्या मनीच्या मिशा अधूनमधून आपोआप गळतात, उशीवर सापडतात. कापायच्या कधीच नाहीत, तिला त्यांची गरज असते. गडद निळ्या थरावर एकच पांढरी मिशी, मुळाकडे जाड आणि टोकाला केसाहून बारीक. ती वस्तू मी पुतणीला दिली आणि ती अजून दप्तराला लावून फिरते.

पण या आठ महिन्यांत माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम केसांचं नाही. काळू वर्षाचा असताना अंगणात कोबा केला होता. गवंडीकाकांची पाठ वळली आणि हा ओल्या सिमेंटवरून तुळशीकडे धावत गेला. तेव्हा सगळे ओरडलो होतो. चार ठसे राहिले, त्यांतला वृंदावनाजवळचा एक खोल आणि नीट होता. बारा वर्षं आम्ही त्यावरून चालत होतो. ऑक्टोबरात शेवाळ घासताना मी तिथे बसले आणि लक्षात आलं की साचा इथे तयारच आहे.

दिवाळीनंतर कोबा पुरता सुकू दिला. ठसा जुन्या टूथब्रशने साफ केला, सिमेंटच्या छिद्रांत सिलिकॉन धरू नये म्हणून ब्रशने व्हॅसलीनचा पातळ हात दिला आणि भोवती बांध घालून दोन भाग समप्रमाणात मिसळले की रबर होणारं प्लॅटिनमवालं सिलिकॉन ओतलं. बांधाला मी मुलांची रंगीत क्ले वापरली आणि तिथे फसले. सकाळी मधला भाग छान रबरासारखा झालेला, पण क्लेला लागलेली कड चिकट आणि ओली. तसल्या बऱ्याच क्लेमध्ये गंधक असतं आणि गंधक लागलं की हे सिलिकॉन जमत नाही. रबरी लॅटेक्सच्या ग्लोव्हजनेही तेच होतं. आमच्या गणपतीवाल्या काकांना विचारलं तर त्यांनी शाडूचा गोळाच हातावर ठेवला. म्हणाले, "ही घे, जराशी सुकू दे, मग लाव." दुसऱ्या वेळी कड अगदी स्वच्छ निघाली. सिलिकॉन एका कोपऱ्यातून, हात उंच धरून, बारीक धारेने ओतायचं, म्हणजे बुडबुडे धारेतच फुटतात.

तो रबराचा ठोकळा उलटा केला तेव्हा मी अंगणातच बसून राहिले. सिमेंटमध्ये खड्डा होता, इथे पंजा वर उठून आलेला. चार बोटांच्या गाद्या, मधली मोठी गादी, बाहेरच्या बोटाच्या नखाची तिरकी खोच, आणि मधोमध त्याने पावलाने दाबलेला वाळूचा एक खडा. आईने त्यावर अंगठा फिरवला. बोलली काहीच नाही.

या साच्यातून मी रेझिनचे तीन आणि प्लास्टरचे दोन ठसे काढले. खरखरीत सिमेंटवरून साचा घेतल्यामुळे रेझिनही मॅट येतं, कारण साच्याची जशी कातडी तसाच वस्तूचा पृष्ठभाग. केसांच्या पेंडंटला त्यामुळे आतून गुळगुळीत, चकचकीत साचाच लागतो.

मनीचा ठसा मात्र ती हिंडती-फिरती असतानाच घेतला. दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ती अल्जिनेटची पूड गार पाण्यात कालवली, पंजा त्यात धरला आणि बाबांनी तिला दोन-तीन मिनिटं सुक्या बोंबलात गुंतवून ठेवलं. त्यात लगेच प्लास्टर ओतायचं. अल्जिनेटमधलं पाणी उडत जातं तसं ते आकसतं, उद्यावर टाकलं तर पंजाच लहान येतो. घरात प्राणी असेल तर हे या रविवारीच करा. काळूच्या बाबतीत सिमेंटने मला वाचवलं, नाहीतर माझ्याकडे त्याच्या पायाचं काहीच नसतं.

तब्येतीचंही सांगते. सुरुवातीला उघड्या हाताने काम केलं आणि सप्टेंबरात मनगटांवर खाज सुटून पुरळ आलं. न जमलेल्या इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. आता नायट्राइलचे ग्लोव्हज, पडवीची दारं उघडी, आणि पॉलिश पेपर मारायचा तो पाण्यातच, चारशेपासून दोन हजार नंबरपर्यंत, तोंडाला मास्क लावून. उरलेलं रेझिन मोरीत ओतायचं नाही, कपातच जमू द्यायचं आणि मग टाकायचं.

रंगही पिवळा पडतो. ऑगस्टमधली एक चकती खिडकीत ऊन लागेल अशी होती, तिच्याच जोडीची कपाटात. परवा दोन्ही पांढऱ्या कागदावर ठेवल्या, खिडकीतली चक्क चहाच्या पाण्यासारखी झाली आहे. म्हणून काळूचं पेंडंट मी गळ्यात घालते ते कपड्यांच्या आत.

रेझिनने त्याचे केस मला रोज दिसतात. हाताला मात्र ते लागत नाहीत, लागते ती काच. हात लावावासा वाटतो तेव्हा मी त्या प्लास्टरच्या पंजाकडे जाते. पांढऱ्या झुबक्याचे थोडे केस अजून पुडीत आहेत. ते मी ओतणार नाही. पुडी आता सिलिका जेलसकट स्टीलच्या डबीत आहे, आणि झाकण उघडलं की पहिल्या क्षणाला त्याचा वास अजून येतो.