मेल सर्व्हर बूटलाच सुरू करायचाय: सिस्टमडी, क्रॉन की डॉकर?

मशीन रीबूट झालं आणि पोस्टफिक्स (मेलची देवघेव करणारा सर्व्हर) उठलंच नाही, तर ते लगेच कळत नाही. पाठवणारे सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहतात. पोस्टफिक्समध्ये या प्रयत्नांची मुदत मुळात 5 दिवसांची असते. बोंब होते ती दोन दिवसांनी, 'अहो, उत्तर नाही आलं तुमचं' म्हणून.

मशीनवर थेट बसवलेल्या सर्व्हरसाठी मी डोळे झाकून सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणारी व्यवस्था) घेतो. रेड हॅट 7 (2014) आणि डेबियन 8 (2015) या लिनक्स आवृत्त्यांपासून ते मुळातच आहे. 'सिस्टमसीटीएल इनेबल पोस्टफिक्स' म्हटलं की झालं. मात्र 'इनेबल' फक्त पुढच्या बूटची सोय करतं, सर्व्हिस आत्ता सुरू करत नाही. त्यासाठी '--नाऊ' जोडा. आणि डव्हकॉट (मेलबॉक्स वाचायला देणारा सर्व्हर) वेगळी सर्व्हिस आहे, ती वेगळी इनेबल करा. ती राहिली तर मेल येतं, पण आयमॅपवरून (मेल वाचण्याच्या पद्धतीनं) कुणाला वाचता येत नाही.

खरी गोम नेटवर्कची. पोस्टफिक्सच्या 'आयनेट_इंटरफेसेस' या सेटिंगमध्ये ठरावीक आयपी लिहिला असेल आणि बूटच्या वेळी तो पत्ता नेटवर्क कार्डाला मिळालेला नसेल, तर पोस्टफिक्स 'नो लोकल इंटरफेस फाउंड' म्हणत मान टाकतं. हातानं सुरू केलं की मात्र गुणी बाळासारखं चालतं! अशा वेळी युनिटमध्ये (सिस्टमडीच्या त्या सर्व्हिसच्या फाइलमध्ये) 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' या दोन्हींत 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' लिहा. नुसत्या 'नेटवर्क.टार्गेट'मध्ये पत्ता मिळाल्याची हमी नसते. डेबियन 12 वर आणखी एक चकवा आहे: स्टेटसमध्ये 'ॲक्टिव्ह (एक्झिटेड)' दिसतं, कारण 'पोस्टफिक्स' हे युनिट नुसतं वेष्टन आहे. खरी प्रोसेस 'पोस्टफिक्स@-' या युनिटमध्ये बघायची.

क्रॉनचं (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीचं) '@रीबूट' एका ओळीत होतं म्हणून मोह पडतो. मीही पडलो होतो. नुसतं 'पोस्टफिक्स स्टार्ट' लिहिलं आणि रीबूटनंतर काहीच नाही, कारण क्रॉनच्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) पोस्टफिक्सचं 'एसबिन' फोल्डर नव्हतं. पूर्ण पाथ दिला तरी नेटवर्कसाठी थांबणं नाही, सर्व्हिस पडली तर उचलणं नाही. छोट्या स्क्रिप्टला ठीक, मेलला नको.

सगळा मेल डॉकरमध्येच (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनात) असेल तर सर्व्हिस इनेबल करण्याचा प्रश्नच येत नाही, तिथे रीस्टार्ट पॉलिसी लावायची. 'ऑलवेज' असेल तर तुम्ही मुद्दाम थांबवलेला कंटेनरही रीबूटनंतर उठून बसतो. 'अनलेस-स्टॉप्ड'मध्ये तो थांबलेलाच राहतो. देखभालीसाठी मेल बंद ठेवायची वेळ येतेच, म्हणून मी दुसरी निवडतो. पण खुद्द डॉकर बूटला सुरू होतंय ना, ते आधी बघा. फक्त ऑटोस्टार्टसाठी मेल कंटेनरमध्ये हलवणं म्हणजे मात्र उगाच व्याप.

काहीही निवडा, एकदा खरंच रीबूट करा आणि दुसऱ्या मशीनवरून मेल घेणाऱ्या पोर्ट 25 ला जोडून बघा. त्याच मशीनवरून बघितलंत तर फसाल: रेड हॅटवर पोस्टफिक्स मुळात फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनच्या आतून, ऐकतं.