हाताने घडवलेला पाच तारांचा बास: पहिल्या पावसाळ्यानंतर

सात महिने थांबून घेतलेल्या या बास गिटारची तारलांबी (तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी) मी नेहमीच्या 34 इंचांऐवजी 35 इंच मागितली होती, कारण सुमारे 31 हर्ट्झपर्यंत खाली जाणारी जाड ‘बी’ तार त्यामुळे अधिक ताणलेली राहते आणि तिचा सूर स्पष्ट उमटतो. तसा तो उमटतोही. फोंड्याच्या आमच्या घरात फडताळातली स्टीलची भांडी थरथरू लागतात, ही आईची तक्रार वेगळी. जुलैच्या दमट हवेत मात्र मान किंचित वाकली, बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तारा उंचावल्या आणि मानेतला ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई) पाव फेरा आवळावा लागला. कारागिराने चावी सोबत दिली होती, पण ती कशी वापरावी हे सांगितले नव्हते. वजन साडेचार किलो असल्याने दोन तासांच्या कार्यक्रमात खांदा भरून येतो.